गडग्याबाहेरच्या बाई

"लाईनवर राहा हं," असं म्हणून त्या पिशवीत हात घालायच्या. अर्जाच्या दोन प्रती बाहेर काढायच्या, एक माझ्याकडे सरकवायच्या आणि दुसरी दोन्ही हातांनी धरून उभ्या राहायच्या. "ही तुम्हाला, ही मला. माझ्यावर शिक्का मारा."

त्या वाक्याला आमच्या कचेरीत रोज कोणीतरी हसायचं. त्यांना ते कळत नव्हतं असं नाही. आम्ही हसून घेईपर्यंत त्या थांबायच्या आणि मग पुन्हा म्हणायच्या, "झालं? आता मारा."

रत्नागिरीतल्या एका सरकारी कचेरीत मी आवक-जावक टेबलावर होतो. कुठली कचेरी, ते विचारू नका. दोन हजार सालाच्या आसपासची ही गोष्ट. बाई तेव्हा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या होत्या. तीस वर्षं ऑपरेटर. एके काळी अख्ख्या गावाचे ट्रंककॉल त्यांच्या हातून जोडले गेले होते. त्यामुळे त्यांना माणसं चेहऱ्यावरून कमी आणि आवाजावरून जास्त ओळखू यायची. मी पहिल्यांदा त्यांना "बोला" म्हणालो, तेव्हा त्यांनी मान तिरकी केली आणि म्हणाल्या, "तुमचे वडील मुंबईला मिलमध्ये होते ना? आवाज तोच आहे. ते फार मोठ्यानं बोलायचे हो, त्यांना तारेची गरजच नव्हती."

त्या एकट्या राहायच्या. लग्न केलं नव्हतं. पांढरी किंवा फिकट निळी साडी, पायात पावसाळी चपला बारा महिने, आणि काळी छत्री. अर्ज कसले, तर मतदारयादीतून गाळलेल्या नावांचे, न झालेल्या वॉर्डसभांचे, फळ्यावर न लावलेल्या नोटिसांचे. स्वतःसाठी त्यांनी एकही अर्ज केल्याचं मला आठवत नाही. तुमच्याही गावात असं एखादं माणूस असेल. ते दारातून येताना दिसलं की कारकून मंडळी एकदम फायलीत डोकं घालतात. आम्हीही घालायचो.

"साहेब बाहेर आहेत," मी सांगायचो.

"साहेब नकोतच मला. शिक्का हवाय."

एवढ्यावर हे चाललं असतं तर त्यांच्यावर लिहिण्याची वेळ आली नसती.

खाडीपलीकडच्या एका गावातली सुगंधा नावाची बाई त्यांच्या दारी मासळी घेऊन यायची. एकदा पाटी उतरवता उतरवता ती म्हणाली, "बाय, आमच्याकडं दगड पुरतायत." कसले दगड, तर मोजणीचे. कुठल्याशा कंपनीला खाडीच्या तोंडाशी जेटी बांधायची होती. कोळसा उतरवायचा आणि तिथंच साठवायचा. जिथं बायका मासळी सुकवायच्या ती सगळी जागा त्यात जाणार होती, वरच्या अंगाच्या आंब्याच्या कलमांच्या बागाही.

"गावानं ठराव दिलाय, असं बोलतात," सुगंधा म्हणाली.

"कधी दिलात?"

"आमाला काय म्हाईत!"

बाईंनी ठरावाची नक्कल मिळवली. त्याला दोन महिने लागले आणि माझ्या टेबलावर सात अर्ज. नक्कल मिळाली त्या दिवशी त्या सुगंधाला घेऊन कचेरीच्या पायरीवरच बसल्या आणि ठरावाखालची नावं एकेक करून वाचायला लागल्या. मी खिडकीतून बघत होतो. सुगंधाचा नवरा सभेला हजर होता म्हणे. त्या आठवड्यात तो हर्ण्याच्या एका बोटीवर खोल समुद्रात होता. पुढे सुगंधाचं स्वतःचं नाव आलं. नावापुढे अंगठा होता.

सुगंधा ताडकन उभी राहिली. "माजा आंगठा? मी सही करतंय!" गावातल्या साक्षरतेच्या वर्गात ती चार महिने जाऊन बसली होती. रेशनकार्डावर तिनं सही केली, तेव्हा तिथल्या माणसानं दोनदा बघितलं होतं. जेटी, कोळसा, जमीन यांपेक्षा तो परका अंगठा तिला जास्त झोंबला. पायरीवर उभी राहून ती आमच्या कचेरीला जे बोलली, ते इथं लिहिता येणार नाही.

बाई तिला थांबवत नव्हत्या. तिचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, "आता हेच लिहायचं. शिव्या सोडून."

हरकती घ्यायला मुदत होती. बाईंनी एका कागदावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या नाहीत. "शंभर सह्यांचा एक अर्ज म्हणजे एकच अर्ज," त्या म्हणायच्या. "आणि तो हरवायला एकच माणूस पुरतो." ज्याचा त्यानं अर्ज लिहायचा, आपल्या शब्दांत. ज्याला लिहिता येत नाही त्यानं सांगायचं, दुसऱ्यानं लिहायचं आणि त्याला वाचून दाखवायचं. मुदतीच्या शेवटच्या दिवशी ते सगळे होडीनं अलीकडे आले आणि माझ्या टेबलासमोर रांग लागली. दीडशेच्या आसपास माणसं होती. प्रत्येकाच्या हातात दोन प्रती. मी सकाळी शिक्क्याची तारीख फिरवून घेतली आणि संध्याकाळपर्यंत मारत राहिलो. अंगठ्याजवळ फोड आला. शेवटच्या म्हातारीनं शिक्का बसलेला कागद कपाळाला लावला. मला उगीचच ओशाळल्यासारखं झालं.

पाच-सहा दिवसांनी साहेबांनी मला आत बोलावलं आणि दार लोटायला सांगितलं.

"त्या हरकती मुदतीनंतर आल्यात," ते म्हणाले.

"नाही साहेब, त्याच दिवशी आल्या."

"शिक्क्याची तारीख बदलायची तुमच्याकडून राहून गेली. आदल्या दिवशीचीच राहिली. होतं असं, कामाच्या गडबडीत. तेवढा एक खुलासा लिहून द्या." ते सौम्य बोलत होते. मला पाणी दिलं. "ठपका बसेल, फार काही होणार नाही. नाही दिलात तर बदलीची यादी माझ्यासमोरच आहे. तुमची मुलगी यंदा दहावीत जाणार ना?"

मी "बघतो" म्हणालो. हा शब्द किती सोपा आहे, हे मला तेव्हा कळलं.

पुढचे आठ-दहा दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. बायकोला सांगितलं नाही. तिनं दोनदा विचारलं, मग विचारणं सोडलं. साहेब रोज जाताना माझ्या टेबलाशी थांबायचे.

इकडे हरकती विचारात घेणार नाहीत अशी कुणकुण गावाला लागली आणि बाईंनी माणसं कचेरीसमोर आणायला सुरुवात केली. लगेच जमावबंदी लागली. पाच किंवा त्याहून जास्त माणसांनी एकत्र जमायचं नाही. दुसऱ्या दिवशी मी कामावर आलो तर बदामाच्या झाडाखाली चार बायका, टपरीशी चार पुरुष, एसटीच्या थांब्यावर चार, पोस्टाच्या भिंतीला टेकून चार. घोषणा नाही, फलक नाही. प्रत्येकाच्या हातात शिक्का मारलेली आपली प्रत. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच.

तिसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर आले. तरुण होते, बहुधा घाटावरचे. "बाई, हा मोर्चा आहे."

"कुठाय मोर्चा? ते चौघे चहा पितायत. हे चौघे एसटीची वाट बघतायत."

"तीन दिवस?"

"आमच्याकडच्या एसटीचं तुम्हाला अजून माहीत नाही."

बाजूचा हवालदार फिस्सकन हसला आणि लगेच खोकला. इन्स्पेक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि त्या चौकड्यांकडे एकेक करून बघत गेले. सावकाश, चेहरे लक्षात ठेवावेत तसे.

त्याच आठवड्यात बाईंना दुपारी घरी फोन आला. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. तोंडावर फडकं धरून कोणीतरी बोलत होतं. खाडीत बुडालेली माणसं सापडत नाहीत, एकटी बाई आहात, जपून राहा, असं बरंच काही. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अहो, तुमच्या थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं तो ट्रंककॉल मीच जोडून दिला होता. तुम्ही दादरला होतात. रडला होतात आनंदानं. कशी आहे ती?"

मग "बरी आहे" असा आवाज आला, फडक्याशिवाय, आणि फोन ठेवला गेला.

हे सांगताना त्या हसल्या, पण चहाचा कप बशीत ठेवताना वाजला.

एका रविवारी सकाळी त्या माझ्या घरी आल्या होत्या, तेव्हा हे सांगितलं. खुलाशाचं त्यांना कुठून कळलं कोण जाणे; कचेऱ्यांच्या भिंतींमागे ओळखीचे आवाज त्यांना बरेच होते. मला वाटलं, आता या मला गळ घालणार. मी मनात उत्तरं तयार करत होतो: मुलगी, दहावी, बदली.

त्या म्हणाल्या, "तुम्ही काय लिहावं ते सांगायला मी आलेली नाही. तुमच्यावर जबरदस्ती झाली तर तुमच्यासाठीही बाहेर बसू का, एवढं विचारायला आलेय."

"कृपा करून माझ्यासाठी बसू नका," मी हात जोडले.

"बरं," त्या म्हणाल्या आणि चहा प्यायल्या. उठतील असं वाटलं, पण बसून राहिल्या.

"आणीबाणीत मी दुसऱ्या गावी होते," त्या अचानक म्हणाल्या. "तरुण होते. वरून सांगितलं की एका घरचे फोन ऐकायचे आणि लिहून द्यायचे. शाळामास्तर होते ते. संध्याकाळी बहिणीशी बोलायचे, औषधांबद्दल, भाताच्या पेरणीबद्दल. मधेच एखादं वाक्य दुसरं असायचं. मी ऐकलं. लिहून दिलं. अक्षर चांगलं होतं माझं." त्यांनी कप बाजूला सरकवला. "एके दिवशी त्यांना घेऊन गेले. त्यानंतर बहिणीचा फोन यायचा आणि मीच तिला सांगायची, 'उत्तर मिळत नाही, लाईनवर राहा.' ती राहायची हो. किती किती वेळ राहायची."

माझ्या बायकोनं स्वयंपाकघरातली भांडी थांबवली होती.

"मला कोणी धमकावलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "नुसतं सांगितलं होतं."

एवढं बोलून त्या गेल्या. बायको बाहेर आली. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तारीख फिरवली होतीत ना सकाळी?" मी म्हटलं, होय. "मग तेवढंच लिहा."

सोमवारी मी एका ओळीचा खुलासा लिहिला. त्या दिवशी सकाळी शिक्क्याची तारीख मी स्वतः बदलली होती आणि सर्व अर्ज मुदतीत आलेले आहेत. सही केली. मी शूर नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. साहेबांच्या टेबलावर तो कागद ठेवला आणि लगेच दाराकडे वळलो. त्यांनी वाचला, घडी घातली आणि खणात टाकला.

त्याच दुपारी पोलिसांनी चौकड्या उचलल्या. व्हॅन आली. पुरुष त्या दिवशी बोटींवर होते, त्यामुळे सापडल्या बाई आणि अकरा बायका. सुगंधा व्हॅनच्या पायरीवर अडखळली, तेव्हा बाईंनी तिला मागून हात दिला आणि आम्हा खिडकीतल्या लोकांकडे एकदा वळून पाहिलं. संध्याकाळी जातमुचलक्यावर सोडलं, पण जमावबंदी मोडल्याचा गुन्हा दाखल झाला. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या.

या चार ओळींमुळे म्हणा, मुदतीत आलेल्या हरकतींमुळे म्हणा, वरून हुकूम आला. ग्रामसभा पुन्हा घ्यावी, अधिकाऱ्यासमोर, हात वर करून.

सभेच्या दिवशी मी रजा टाकली आणि होडीनं पलीकडे गेलो. का गेलो ते सांगता येणार नाही. गावच्या शाळेच्या मैदानात सभा होती. मैदानाला जांभ्या दगडांचा गडगा, माणसाच्या खांद्याएवढा. वाटेवर दोन जीप उभ्या होत्या आणि त्यांच्यापाशी गावचे नसलेले सात-आठ तगडे लोक विड्या ओढत होते. येणाऱ्या प्रत्येकाकडे ते बघत होते.

बाई गडग्याच्या बाहेर उभ्या होत्या, छत्री उघडून. बायका त्यांना आत ओढत होत्या.

"मी इथली मतदार नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणून काय झाला? तुमीच तर सगळा केलाव!"

"म्हणूनच नाही. मी आत आले तर उद्या म्हणतील, बाहेरच्या बाईनं ठराव केला. आणि ते खरंच असेल."

"आमाला बोलाया नाय जमला तर?" सुगंधानं विचारलं. तिचा चेहरा उतरला होता.

"तर नाही जमलं," बाई म्हणाल्या. मला ते फार कठोर वाटलं. सुगंधालाही वाटलं असावं. ती आत गेली.

सभा सुरू झाली. कर्णा लावला होता, पण पहिल्या पाच मिनिटांतच तो बंद पडला. बंद पडला की पाडला, कोण जाणे. वारं खाडीकडून होतं, त्यामुळे आतलं काहीच ऐकू येईना. आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं ऐकलेली ती बाई गडग्याला कान लावून उभी होती आणि तिला एक अक्षर कळत नव्हतं. मी टाचा उंचावून बघत होतो आणि दिसेल ते सांगत होतो.

सभेआधीच हजेरीच्या सह्यांचा कागद फिरवायला सुरुवात झाली होती. मागच्या वेळी असाच कागद ठरावाला जोडला गेला होता. कागद सुगंधापाशी आला. ती तो हातात धरून उभीच राहिली. मागच्या लोकांनी ढकललं, तरी हलेना. मग तिनं पेन घेतलं आणि कागदाच्या वरच्या कोऱ्या जागेवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, तिरकी रेघ मारली. तिथं आता कोणालाच मागाहून ठराव लिहिता येणार नव्हता. रेघेखाली ती वाकून सही करायला लागली. एकेक अक्षर. ग्रामसेवक घड्याळ बघत होता. अख्खी सभा तिची सही होण्याची वाट बघत होती.

"काय चाललंय?" बाईंनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

त्यानंतर बराच वेळ नुसता गलका. जीपपाशी उभे असलेले दोघे फाटकातून आत गेले. पोलिसानं त्यांना पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं. एका म्हाताऱ्याला कोणीतरी खाली बसवलं, तो पुन्हा उठला. मग एकदम शांत झालं, आणि गडग्यावरून हात दिसायला लागले. आधी दहा-बारा. मग मैदानभर. काळे, सुरकुतलेले, बांगड्यांचे, खवले चिकटलेले हात.

बाईंनी माझं मनगट पकडलं. "हे कशाला हात? बाजूनं की विरोधात?"

मला माहीत नव्हतं. आम्हा दोघांनाही ऐकू आलं नव्हतं, प्रश्न काय विचारला ते. अधिकारी हात मोजत मैदानातून फिरत होता आणि आम्ही ते हात बघत उभे होतो. त्यांची बोटं माझ्या मनगटात रुतत होती. छत्री कधी खाली पडली, ते दोघांनाही कळलं नाही.

मग आत गेलेले दोघे परत आले. जीपपाशी राहिलेल्यांपैकी एकानं विडी पायाखाली चिरडली, शिवी हासडली आणि जीप सुरू केली. तेव्हा आम्हाला कळलं.

बाई गडग्याला पाठ लावून खाली बसल्या. रडल्या वगैरे नाहीत. बायका धावत बाहेर आल्या, सगळ्या एकदम सांगायला लागल्या. त्या म्हणाल्या, "एकेकीनं. सगळं सांगा. मला काहीच ऐकू आलं नाही हो."

जेटी झाली नाही. का झाली नाही, याची कारणं लोक वेगवेगळी देतात. कंपनीचंच बिनसलं होतं असंही म्हणतात. असेल. माझी बदली पावसाळ्याआधी मंडणगडला झाली. मुलीनं दहावीचं वर्ष आजोळी काढलं आणि त्याबद्दल ती मला अजून अधूनमधून बोलते.

जमावबंदीचा खटला मात्र चालू राहिला. तारखेमागून तारीख. दर तारखेला बारा आरोपी हजर. बाई सकाळी साडेदहाला कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसायच्या, आणि बायका होडीनं, मग एसटीनं. कधी न्यायाधीश रजेवर, कधी साक्षीदार पोलीस बदलून गेलेला. पाच वर्षं झाली, सहा झाली. तोवर मीही बदली होऊन परत आलो होतो. मी एकदा म्हटलं, दंड भरून मोकळ्या का होत नाही? त्या म्हणाल्या, "गुन्हा कबूल करायचा? चौघींनी एसटीची वाट बघण्याचा?"

एका श्रावणात त्यांना ताप आला. चार दिवसांत गेल्या. शेजाऱ्यांनी कळवलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. जवळचं कोणी नव्हतं, म्हणून मृत्यूचा दाखला मी काढून आणला आणि पुढच्या तारखेला तो घेऊन कोर्टात गेलो.

व्हरांड्यात अकरा बायका बसल्या होत्या. बाकावर एक जागा मोकळी होती. कोणी मुद्दाम ठेवली होती असं नाही, पण मी तिथं बसलो नाही. दाखला वकिलांकडे दिला. ते म्हणाले, दाखवू, पण आधी पुकारा होईल, पद्धतच आहे.

शिपाई दारात आला आणि त्यानं आरोपी क्रमांक एकचं नाव पुकारलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मी ते शेकडो अर्जांवर वाचलं होतं, मोठ्यानं कधी ऐकलं नव्हतं. सुगंधानं पदर तोंडाशी धरला.

शिपायानं दुसऱ्यांदा पुकारलं. बायकांनी जिन्याकडे पाहिलं.

त्यानं तिसऱ्यांदा पुकारलं, जास्त मोठ्यानं. दाखला मी स्वतः काढून आणला होता, त्यावरची तारीख मला पाठ होती. तरी मीसुद्धा जिन्याकडे पाहिलं.